ब्याऐंशी अंशांचं ऋण

माझ्या भोसरीच्या वर्कशॉपात रॅलीची किंवा शर्यतीची गाडी घेऊन येणारा तरुण हल्ली पूर्ण तयारीनिशी येतो. कॅमशाफ्ट कोणता, इंजेक्टर किती सीसीचे, कॉम्प्रेशन किती वाढवायचं, सगळं त्याच्याकडे लिहून असतं. यादीच्या शेवटी बहुतेक वेळा एक ओळ असते, थर्मोस्टॅट ७१ अंशांचा. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, इंजिन थंड राहिलं की ताकद जास्त मिळते. मग मी विचारतो, गाडी कोणत्या रस्त्यावर चालणार आहे?

हा प्रश्न माझा नाही. तो ओतूरच्या एका मिस्त्रींचा आहे. ते आज हयात नाहीत. माझ्या हातात जे काही कसब आहे त्याचा पाया त्यांनी घातला, आणि त्या पायाबद्दल कुठंतरी लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आमच्या ओतूरला आहे, त्यामुळे गुरू हा शब्द आमच्या गावात जरा जपूनच वापरतात. मीही मिस्त्रींना कधी गुरुजी म्हटलं नाही. आम्ही मुलं त्यांना मामा म्हणायचो आणि ते आम्हा सगळ्यांना भाचे. कल्याण-नगर रस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं शेड होतं. पश्चिमेला माळशेज, पूर्वेला आळेफाटा, आणि मधल्या रस्त्यावर दिवसरात्र कांद्याचे, भाजीपाल्याचे ट्रक. उमेदवारी त्यांनी एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपात केली होती. तिथली शिस्त त्यांच्या हाताला कायमची लागली होती. उघडलेला प्रत्येक नट डब्यात, प्रत्येक डब्यावर खडूनं खूण, आणि जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात दिल्याशिवाय नवा बसवायचा नाही.

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती मोटारीमुळे नव्हे, विहिरीमुळे. आमच्या विहिरीवर किर्लोस्करचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन होतं. शांतनुरावांनी १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी केली आणि पुढच्या काही दशकांत महाराष्ट्रातल्या मळ्यामळ्यांतून त्या इंजिनाचा ठोका ऐकू येऊ लागला. आमच्या इंजिनाला रेडिएटर नव्हता. पंपाच्या डिलिव्हरीतून एक बारीक नळी काढायची, तिचं पाणी सिलिंडरभोवतीच्या जॅकेटमधून फिरवायचं आणि पाटात सोडून द्यायचं. नळीवर एक कॉक. वडील तो कॉक पूर्ण उघडा ठेवत, कारण इंजिनावर हात ठेवला तर ते गार लागायचं आणि गार इंजिन म्हणजे सुखी इंजिन असं आमच्या शिवारातल्या सगळ्यांचंच मत होतं.

तरीही लायनर लवकर झिजायचा. मिस्त्री तो बदलायला आले. काम संपवून त्यांनी इंजिन चालू केलं, जॅकेटमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात धरला आणि कॉक हळूहळू बंद करत आणला. पाणी कोमट झालं, मग गरम झालं, मग त्यांना हात काढून घ्यावा लागला. तिथं ते थांबले.

“आबा, कॉक आता हितंच ठेवा,” ते वडिलांना म्हणाले. “हात क्षणभर टिकंल येवढं गरम पाणी भाईर आलं पायजे. इंजिन गारठलं तर त्याला आतून गंज चढतो.”

त्या वेळी मला यातलं फारसं कळलं नाही. पुढं डिप्लोमाच्या पुस्तकात कारण सापडलं. डिझेलमधल्या गंधकाचे वायू थंड भिंतीवर पाण्याच्या वाफेबरोबर बसतात, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते लायनर खातं. विहिरीचं पाणी पंचवीसेक अंशांचं. ते भरभरून फिरवलं की सिलिंडरची भिंत कधी तापतच नाही. शिवाय थंड भिंतीवर इंधन नीट जळत नाही, उरलेलं खाली ओघळतं आणि तेल पातळ करतं. मिस्त्रींनी हे पुस्तक पाहिलेलंही नव्हतं. त्यांनी झिजलेले लायनर पाहिले होते, आणि कोणत्या विहिरीवर कॉक किती उघडा असतो हेही पाहिलं होतं. त्या दोन गोष्टी त्यांनी आपल्या आपण जोडल्या होत्या.

त्या दिवसापासून मी शाळा सुटली की शेडवर जाऊ लागलो.

थर्मोस्टॅट म्हणजे त्या विहिरीवरच्या कॉकचं काम आपल्या आपण करणारी वस्तू, हे मला तिथं कळलं. मुठीत मावेल एवढा पितळी-पोलादी वॉल्व्ह. त्याच्या तळाच्या डबीत विशिष्ट मेण भरलेलं असतं. ते ठरावीक तापमानाला वितळतं, वितळताना फुगतं, मधली पिन ढकलतं आणि वॉल्व्ह स्प्रिंगच्या जोराविरुद्ध उघडतो. पाणी थंड झालं की मेण आकसतं आणि स्प्रिंग वॉल्व्ह मिटवते. ना वायर, ना बॅटरी. सर्जियस व्हर्ने या संशोधकानं १९३० च्या दशकात अमेरिकेत हे मेणाचं तंत्र बसवलं. त्याआधी अल्कोहोल किंवा ईथर भरलेले भाते वापरत, ते फुटायचे. व्हर्नेची कल्पना आज जगभरच्या गाड्यांत आहे आणि तिच्यात मूलभूत बदल करायची गरज फार थोड्यांना वाटली.

पण आपल्याकडे या वस्तूचं नशीब वाईट. गाडी गरम झाली की पहिला संशय तिच्यावर, आणि पहिला उपाय म्हणजे ती काढून फेकणं. मुंबईच्या कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीपासून थेट ट्रकांपर्यंत, थर्मोस्टॅटविना चालणाऱ्या गाड्या मी हजारोंनी पाहिल्या असतील. मिस्त्री त्या लांबूनच ओळखायचे. हिवाळ्याच्या पहाटे जुन्नर तालुक्यात चांगलीच थंडी पडते. अशा पहाटे ज्या ट्रकच्या रेडिएटरसमोर पुठ्ठा खोचलेला दिसे, त्याच्याकडे बोट दाखवून ते म्हणत, “ह्याचा वॉल्व्ह कुणीतरी काढलाय बघ. म्हणून बिचाऱ्याला पुठ्ठा लावाया लागतोय.” ड्रायव्हर चहाला थांबला की ते स्वतः उठून त्याच्याशी बोलायला जात. बहुतेक वेळा त्यातून काम मिळत नसे. तरी जात.

माळशेजचा घाट ही त्यांची प्रयोगशाळा होती. आमच्याकडून कांद्यानं भरलेला ट्रक कल्याण-वाशीकडे निघतो तो उतारानं. पावसाळ्यात खुबी-करंजाळ्याच्या पुढं धुकं, वारा, भुरभुर. ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये गाडी रोखून उतरवतो. म्हणजे इंजिन जोरात फिरतंय, पाण्याचा पंप जोरात फिरतोय, पण आत इंधन जवळजवळ जळतच नाही. थर्मोस्टॅट असेल तर तो मिटतो आणि इंजिनातली ऊब इंजिनातच राहते. नसेल तर घाट उतरेपर्यंत तापमानाचा काटा पार खाली येतो, आणि सपाटी लागली की ड्रायव्हर त्याच गारठलेल्या इंजिनावर पाय दाबतो. परत येताना उलटं. मोरोशीपासून चढ, अंगावर खताच्या किंवा सिमेंटच्या गोण्या, वेग कमी, समोरून वारा नाही. आणि तिसरी परीक्षा गावातच. श्रावणी सोमवारी मांडवीकाठच्या कपर्दिकेश्वराला तांदळाच्या पिंडी पाहायला लोटणारी गर्दी. रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात, आणि तिथं सगळा भार पंख्यावर.

“तीन रस्तं, तीन आजार,” मिस्त्री म्हणायचे. “औषध येक देऊन कसं चालंल?”

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी ते तो तपासून घेत. स्टोव्हवर पातेलं, पाण्यात दोऱ्यानं लटकवलेला वॉल्व्ह, तळाला टेकू द्यायचा नाही, शेजारी थर्मामीटर. वॉल्व्हवर ८२ असा आकडा असेल तर ८२ ला तो हलायला लागला पाहिजे. तो आकडा उघडायला सुरुवात होण्याचा असतो, पूर्ण उघडायला आणखी बारा-तेरा अंश लागतात. हे आजही अनेकांना माहीत नसतं. तपासताना त्यांना एक कोडं पडलेलं होतं. ८८ चा वॉल्व्ह त्यांच्या पातेल्यात कधीच पूर्ण उघडायचा नाही. पाणी खळखळा उकळायचं, पण थर्मामीटर ९८ च्या अलीकडेच थांबायचा. त्यांनी थर्मामीटरला दोष दिला नाही. पुण्याहून दुसरा मागवला. तोही तिथंच थांबला. मग त्यांनी दोन्ही जपून ठेवले आणि कुणीतरी कारण सांगेल म्हणून वाट पाहिली.

ते कारण सांगण्याचं भाग्य मला लाभलं. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी पाण्याचा दाब आणि उकळबिंदू यांचा तक्ता हाती आला आणि सुट्टीत मी तो घेऊन थेट शेडवर गेलो. ओतूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी १०० ऐवजी ९८ च्या अलीकडेच उकळतं. ८८ चा वॉल्व्ह पूर्ण उघडायला १०० लागतात, उघड्या पातेल्यात ते मिळणारच नाहीत. रेडिएटरचं झाकण मात्र आतला दाब सुमारे ०.९ किलोनं वाढवतं आणि तेच पाणी ११५ च्या पुढंपर्यंत उकळत नाही. मिस्त्रींनी तो तक्ता माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. नंतर त्यांनी शेडमध्ये आलेल्या प्रत्येक गाडीचं झाकण आधी तपासायला सुरुवात केली. ढिल्या झाकणाची गाडी गरम होते आणि बळी थर्मोस्टॅटचा जातो, हे त्यांना त्या तक्त्यात दिसलं होतं. मला तो तक्ता परीक्षेपुरताच माहीत होता.

डिप्लोमाला मी जाऊ शकलो तोही त्यांच्यामुळे. वडिलांना मी शेतीत हवा होतो आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, घरात माणसं कमी होती. मिस्त्री एका संध्याकाळी घरी आले. आईनं चहा दिला, तो त्यांनी तसाच ठेवला. “आबा, पोराला चार वर्षं मला द्या,” एवढंच म्हणाले. पुण्यात माझी राहण्याची सोय त्यांच्या मेहुण्यांकडे झाली. पहिल्या वर्षाच्या फीमध्ये त्यांचे पैसे होते. ते मी नोकरी लागल्यावर परत करायला गेलो तेव्हा त्यांनी त्या पैशांतून शेडवरच्या दोन पोरांना हत्यारांची पेटी घेऊन दिली.

पुढं मी पुण्यात गाड्यांच्या कामात शिरलो आणि नव्वदीच्या दशकाच्या शेवटी एका मित्राची मारुती एस्टीम नाशिकच्या रॅलीसाठी तयार करायला घेतली. १२९८ सीसीचं जी१३ इंजिन, सोळा वॉल्व्हचं, ८५ हॉर्सपॉवरचं. त्याचं कॉम्प्रेशन आम्ही वाढवलं होतं. त्या काळी आपलं साधं पेट्रोल ८७ ऑक्टेनचं. एवढ्या कॉम्प्रेशनला ते अपुरं पडून इंजिन ठोकायला लागण्याचा धोका होता. मित्रानं परदेशी कॅटलॉगातून ७१ अंशांचा थर्मोस्टॅट मागवला होता. सुझुकीच्या इंजिनांना ८२ आणि ८८ असे दोन आकडे मिळत. तीन वॉल्व्ह टेबलावर आणि निर्णय माझा. मी गाडी घेऊन ओतूरला गेलो.

मिस्त्रींनी विचारलं, “रस्ता कोणता?”

मी सांगितलं. कच्चे रस्ते, जोरात पळायचे टप्पे छोटे, आणि दोन टप्प्यांच्या मधे साध्या वेगानं लांबचा प्रवास. मार्गात थांबे. ते बराच वेळ इंजिनाकडे बघत राहिले. नंतर आम्ही गाडी घेऊन माळशेज उतरलो आणि परत चढलो, काट्यावर डोळा ठेवून. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर बदललेलं नाही.

थर्मोस्टॅट इंजिनाचा खालचा आकडा ठरवतो, वरचा नाही. तो पूर्ण उघडला की त्याचं काम संपलं. त्यापुढं किती तापायचं हे रेडिएटर, पंखा, झाकण आणि समोरचा वारा ठरवतात. रेडिएटर लहान असेल तर ७१ चा लावा, ८२ चा लावा, नाही तर ८८ चा, घाटाच्या माथ्यावर काटा एकाच जागी सापडेल. म्हणून आधी रेडिएटर जाड करून घेतला. मग प्रश्न उरला खालच्या आकड्याचा. ७१ वर त्या इंजिनाचा कॉम्प्युटर गाडी अजून पुरती तापली नाही असं समजून जादा पेट्रोल सोडत राहणार. दोन टप्प्यांच्या मधल्या संथ प्रवासात तेल गार पडणार, आणि पुढचा टप्पा सुरू होताच त्याच घट्ट तेलावर सात हजार आरपीएम. तेलातली वाफ उडून जायलाही तेल चांगलं तापावं लागतं, नाही तर तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर साचतो. ८८ वर ही भीती नाही, पण ठोके बसण्याची आहे. हेड जितकं गरम तितकी ठोक्याला घाई.

“ब्याऐंशी,” मिस्त्री म्हणाले. “आन पंखा त्याच्या वर चालू झाला पायजे. वॉल्व्ह पुरता उघडायच्या आत पंखा लागला तर दोघं येकमेकाशी भांडत बसतील.”

पंख्याचा स्विच आम्ही तसा जुळवला. कूलंट तीस टक्के आणि शुद्ध पाणी सत्तर टक्के ठेवलं. आपल्याकडे पाणी गोठत नाही, आणि उष्णता वाहून न्यायला कूलंटपेक्षा साधं पाणी सरस. गोठण्याच्या भीतीनं परदेशात अर्धं-अर्धं करतात, ते इथं डोळे झाकून उचलायची गरज नाही. विहिरीचं क्षारयुक्त पाणी मात्र आम्ही एक थेंबही घातलं नाही. थर्मोस्टॅटच्या कडेला असलेलं हवेचं बारीक छिद्र वरच्या बाजूला येईल असा तो बसवला, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. गाडीनं रॅली पूर्ण केली. इंजिन उघडलं तेव्हा बोअरवर ओरखडा नव्हता, पिस्टनच्या माथ्यावर ठोक्याची खूण नव्हती.

७१ चा थर्मोस्टॅट वाईट असं माझं म्हणणं नाही. सलग पूर्ण वेगानं फिरणारी ट्रॅकची गाडी असेल, टर्बो असेल, तेल आपल्या आपणच शंभरच्या वर जात असेल आणि इंजिन दर हंगामाला उघडायचं ठरलेलंच असेल, तर मी तो स्वतः बसवतो. पण जी गाडी रविवारी शर्यत करते आणि सोमवारी मालकाला ऑफिसला नेते, तिला तो देणं हा तिच्यावर अन्याय आहे. आणि थर्मोस्टॅट काढूनच टाकणं हा त्याहून मोठा. काही लोक सांगतात की तो काढल्यावर पाणी इतकं पळतं की त्याला रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळच मिळत नाही. हे खरं नाही. पाणी जास्त फिरलं तर उष्णता जास्तच निघते. खरं दुखणं वेगळं आहे. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला की बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच जातं. शिवाय अडथळा गेल्यामुळे हेडमधला दाब उतरतो आणि एक्झॉस्ट वॉल्व्हच्या आसपास पाणी जागच्या जागी उकळतं. म्हणजे चढावर गाडी जास्तच गरम आणि उतारावर जास्तच गार.

मिस्त्री गेले त्याला बरीच वर्षं झाली. शेडच्या जागी आता दुकानाचा गाळा आहे. त्यांनी हत्यारांच्या पेट्या दिलेल्या त्या पोरांपैकी एकाचं स्वतःचं गॅरेज आहे आणि त्याच्याकडे आलेली गाडी थर्मोस्टॅटविना बाहेर पडत नाही. माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलांकडून मी पैसे घेत नाही, आणि पहिल्या आठवड्यात त्यांना पातेलं, दोरा आणि थर्मामीटर देतो. हे सगळं मी मिस्त्रींकडून घेतलेलं आहे.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांना एक विनंती. गाडी गरम होते म्हणून कुणी थर्मोस्टॅट काढून टाकायला सांगितलं तर नकार द्या. आधी रेडिएटरचं झाकण तपासून घ्या, मग पंखा, मग रेडिएटर. थर्मोस्टॅट खरोखर खराब निघाला तर कंपनीनं सांगितलेल्या आकड्याचाच नवा बसवा आणि जुना हातात मागून घ्या. गाडीतला थर्मोस्टॅट आधीच कुणी काढलेला असेल, हिवाळ्यात काटा वर चढत नसेल, तर या आठवड्यात गॅरेजला जा. वस्तू स्वस्त आहे, इंजिन नाही.